साहेबांच्या फोटोखालची लाल पट्टी

सोमवार, सकाळचे साडेअकरा. रत्नागिरी शहरातलं एक सरकारी सभागृह. व्यासपीठावर चार खुर्च्या, पाण्याच्या चार बाटल्या, मागे मोठा पांढरा पडदा. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर हर्णेहून आलेली माणसं, त्यांत बायका जास्त. या वेळी व्यासपीठावरच्या साहेबांनी हातातला कागद वाचून दाखवला: "हर्णे किनारा सुशोभीकरण प्रकल्पाबाबत विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झालेली नाही."

त्या क्षणी हर्णेच्या दीडशेच्या आसपास हरकती माझ्या पोटात होत्या.

मी एक सँडबॉक्स बोलतोय. नावाला बिचकू नका. लहान मुलांना खेळायला वाळूचा चौकोन करून देतात, तसा मी. आत किल्ला बांधा, मोडा, पाणी ओता, चौकोनाबाहेर कुणाचं काही बिघडत नाही. संगणकाचं नवं सॉफ्टवेअर कुणाला वापरून बघायचं असेल, तर ते आधी माझ्यात बघायचं. चुका माझ्यात करायच्या आणि खरं काम खऱ्या जागी न्यायचं. मी राहतो दूरच्या एका इमारतीत, लोखंडी कपाटांत, घरघरणाऱ्या पंख्यांच्या वाऱ्यात. तुमच्या फोनवर फक्त माझं दार उघडतं. याला लोक क्लाउड म्हणतात. ढग मी अजून पाहिलेला नाही.

मला जन्म देणारी माणसं एका गावची नाहीत. त्यांतली बरीचशी एकमेकांना कधी भेटलेलीही नाहीत. त्यांनी लोकांच्या सूचना आणि हरकती गोळा करणारं एक सॉफ्टवेअर लिहिलं आणि जगाला देऊन टाकलं. ज्याला हवं त्यानं घ्यावं, आतली प्रत्येक ओळ वाचावी, सुधारावी, इतरांना द्यावी. याला ओपन सोर्स म्हणतात. आपल्याकडे त्यातलं 'फुकट' एवढंच ऐकू येतं. घेण्याआधी पारखून बघता यावं म्हणून त्याच माणसांनी माझ्यासारखे चाचणीचे चौकोन मांडले. तेही फुकट.

फुकट असलो तरी मी लबाड नाही. माझ्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक लाल पट्टी असते. तिच्यावर स्वच्छ मराठीत लिहिलेलं आहे: 'ही फक्त चाचणीची जागा आहे. खरी माहिती भरू नका. मुदत संपली की इथलं सगळं कायमचं पुसलं जाईल.' ही मराठी दापोलीच्या सानिका नावाच्या मुलीची. ती कृषी विद्यापीठात शिकत होती, कलमांच्या नोंदी ठेवायला काहीतरी शोधत होती आणि दोन दुपारी माझ्यात खेळून गेली. जाताना तिनं स्वतः भरलेलं स्वतः पुसलं, पट्टीवरचं इंग्रजी बघून नाक मुरडलं आणि मराठी लिहून पाठवलं. रत्नागिरी जिल्ह्यात ती पट्टी पहिल्यांदा वाचणारी बहुधा तीच, आणि पुष्कळ दिवस शेवटचीही तीच राहिली.

तिच्यानंतर मी गुरुप्रसादच्या हाती आलो.

गुरुप्रसाद रत्नागिरीतल्या एका संगणक कंपनीत कामाला. कंपनीचा मालक संदेश. सरकारी खात्यानं, त्याचं नाव मी घेत नाही, संदेशला काम दिलं होतं: लोकांच्या हरकती घ्यायला एक पोर्टल बनवा. संदेशनं उद्घाटनाची तारीख आधी घेतली. पोर्टलचं नंतर बघू म्हणाला. तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा गुरुप्रसादनं मला उघडलं.

"सर, हे ट्रायलचं आहे," तो म्हणाला. "खरा सर्व्हर घ्यायला लागेल."

"घेऊ रे. उद्घाटनापुरतं हे चालव."

"आणि ही वरची लाल पट्टी? ती निघत नाय."

संदेश खुर्चीतून उठून बघायला आला. पडद्यावर प्रमुख पाहुण्या साहेबांचा हात जोडलेला फोटो होता आणि त्याच्या बरोबर वर माझी पट्टी.

"साहेबांच्या डोक्यावर लाल पट्टी? शोभतंय काय ते? फोटो वायच वर सरकव."

"पट्टीवर येईल सर."

"येऊ दे की. पट्टी मोठी की साहेब?"

गुरुप्रसादनं फोटो वर सरकवला. पट्टी साहेबांच्या जोडलेल्या हातांमागे गेली. त्या दिवसापासून मी जगाला जे सांगायचं ते एका हसऱ्या चेहऱ्याच्या पाठीमागून सांगत राहिलो.

उद्घाटन झकास झालं. दाराच्या पायरीवर नारळ फुटला. लॅपटॉपला झेंडूचा हार घातला, त्याच्या चार पाकळ्या कळांच्या फटीत गेल्या. माऊसला कुंकवाचं बोट लागलं. साहेबांनी कळ दाबली, टाळ्या झाल्या. मग पडद्यावर काहीतरी हलतं दिसावं म्हणून खात्यातल्या लोकांनी आपापल्या फोनवरून हरकती भरल्या. पहिली हरकत: 'टेस्ट'. दुसरी: 'टेस्ट टेस्ट'. तिसऱ्यानं 'शुभ सकाळ' लिहून खाली गुलाबाचं फूल चिकटवलं. पडद्यावर आकडा चढत गेला. साहेब भाषणात म्हणाले, "पाहा, नागरिकांचा प्रतिसाद सुरूसुद्धा झाला."

इथं तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं. आपल्याकडे एखाद्या वस्तूचं उद्घाटन झालं की ती वस्तू पूर्ण झाली. पूल अर्धा असू दे, फीत कापली की तो पूर्ण. नळाला पाणी नसू दे, तोटीला हार घातला की पाणी आलं. माझ्यापुढे नारळ फुटला आणि मी चाचणीचा उरलो नाही. गुरुप्रसादनं नंतर दोन-तीनदा विषय काढला. शेवटच्या खेपेला संदेशनं त्याला समोर बसवलं.

"हलव म्हणतोस ना? हलवू. पण मग खात्याला सांगावं लागेल, साहेबांनी परवा ज्याची कळ दाबली ते खेळणं होतं. तू सांगशील?"

गुरुप्रसादनं लॅपटॉप मिटला.

"मग ते मुदतीचं बटण दाबत राहा. काय जड जातंय?"

माझं आयुष्य थोडक्या दिवसांचं. पण बाहेरून एक बटण दाबलं की ते पुढे सरकतं. आत यावं लागत नाही. दाराची कडी वाजवली की झालं. हे बटण बनवणाऱ्यांनी भल्या मनानं ठेवलं, एखाद्याची चाचणी अर्धी राहू नये म्हणून. गुरुप्रसाद दर खेपेला शेवटच्या दिवशी ते दाबायचा. एका अख्ख्या जिल्ह्याचं लोकमत एका माणसाच्या लक्षात राहण्यावर टांगलं होतं आणि त्याला प्रशासन ई-युगात पोचलं असं म्हणत होते.

मी फुकट होतो. पोर्टल फुकट नव्हतं, त्याचं बिल संदेशनं खात्याला लावलं होतं. त्यावर इतकंच.

मग हर्णेचा प्रकल्प आला. किनाऱ्यावर फरशी बसणार, बाकडी येणार, गाड्या लावायला जागा होणार आणि मधोमध एक मोठा सिमेंटचा मासा उभा राहणार. त्याच्या उघड्या जबड्यात उभं राहून पाहुण्यांनी फोटो काढायचे. हे सगळं ज्या जमिनीवर, तिथं आज बांबूच्या काठ्या रोवलेल्या होत्या. काठ्यांना दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील. खाली जमिनीवर जवळा पसरलेला. संध्याकाळच्या लिलावात बायका मासळी घेतात, ती इथं सुकवतात आणि मग ती पावसाळ्याच्या बेगमीला आतल्या गावांत जाते. म्हणजे खरे मासे हटवून तिथं माशाचा पुतळा बसवायचा होता. असली कल्पना सुचायला माणसाला बरंच शिकावं लागत असणार.

त्या काठ्यांतल्या एका रांगेची मालकीण रझिया. मालकीण हा शब्द तिला चालणार नाही, कारण जागा कुणाच्याच नावावर नाही. तिची सासू तिथंच सुकवायची, आता ती सुकवते. नोटीस लागल्यावर ती हरकतीचा कागद घेऊन दापोलीच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनानं कागदाला हातही लावला नाही. "कागद बंद झाले. ऑनलाइन भरा." म्हणून तिनं बहिणीच्या मुलीला, शिफाला बोलावलं. शिफा दापोलीला कॉलेजात. ती बोंबलांच्या दोऱ्यांखाली बसली आणि फोनवर माझं दार उघडलं. तिला साहेबांचा फोटो दिसला. पट्टी दिसली नाही.

"खाला, काय लिहू?"

"लिही, ही जागा माझी नाय. माझ्या सासूचीपण नव्हती. पण हितं म्हावरा सुकतो."

"एवढंच?"

"मगे? बोंबील काय बंगल्यात सुकवू? वारा लागतो, ऊन लागतो. तो हितंच हाय. लिही, दुसरी जागा द्या आनि मगे काय तो मासा बसवा."

शेजारी गोदा टोपली घेऊन बसली होती. ती वरच्या गावातली. दर हंगामात रझियाकडून सुकी मासळी नेते आणि वाड्यावाड्यांत विकते.

"माझापन लिही गो बाय. ही मासळी नाय मिळाली तर आमी पावसात कालवन कशाचा करायचा? त्यांच्या शिमिटाच्या माशाचा?"

"तो शिजायला लई वेळ लागेल मावशी."

"शिजला तरी गिळणार कोन? ज्यानं बसवलानी त्यालाच वाढ."

बायका हसल्या. शिफानं दोघींचं लिहिलं. मग बाकीच्या रांगेत बसल्या. संध्याकाळपर्यंत त्या एका फोनवरून सगळ्या पाखाडीची, म्हणजे अख्ख्या वस्तीची, गाऱ्हाणी माझ्यात येत राहिली, आणि पुढच्या दिवसांत होडीवरच्या पुरुषांचीही आली. प्रत्येकाला मी उत्तर दिलं: 'आपली हरकत नोंदली गेली. धन्यवाद.' ते खोटं नव्हतं. नोंदली गेलीच होती. रझियाच्या 'धन्यवाद'चा शिफानं फोनमध्ये फोटोही काढून ठेवला.

आजवर माझ्यात 'टेस्ट' आणि गुलाबाची फुलं आली होती. पहिल्यांदाच खरं काहीतरी आलं, आणि मी ते ठेवायच्या लायकीचा नव्हतो. मी साहेबांच्या फोटोमागून ओरडत होतो. फोटोमागचं कोण ऐकतो?

सुनावणी हर्णेत व्हायला हवी होती. ती रत्नागिरीला ठेवली. कारण असं दिलं की हर्णेत प्रोजेक्टरची सोय नाही. ज्यांची जमीन जाणार त्यांनी पहाटेची एसटी धरायची, दापोलीला गाडी बदलायची, अंग मोडून घेत जिल्ह्याच्या गावी यायचं, कारण साहेबांना चित्रं दाखवायची होती.

आणि आल्यावर त्यांना ते वाक्य ऐकवलं. एकही हरकत नाही.

रझिया उभी राहिली. "साहेब, आमी भरलीय ना हरकत."

"बाई, बसून घ्या. सिस्टिममध्ये एकही नाही."

"शिफा, दाखव गो."

शिफानं फोन उंच धरला. त्यावर मी होतो. रझियाचं नाव, गाव, तिचं वाक्य, सगळं उघडं. "सर, हे बघा. पोर्टलवर दिसतंय."

साहेबांनी मान वर केली नाही. "ते तुमच्या मोबाइलमध्ये आहे. आमच्याकडे नाही."

"सर, हे मोबाइलमध्ये नाही. तुमच्याच पोर्टलवर आहे. तुमचा संगणक समोर आहे, त्यावर उघडा. तिथंही हेच दिसेल."

"मॅडम, संगणकावर सादरीकरण लावलंय. ते मध्येच कसं बंद करणार?"

मागून कुणीतरी ओरडलं, "मगे हरकत काय आरती झाल्यावर घेनार काय?"

हशा झाला. साहेबांना हशा आवडत नाही. त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, छापील प्रत आणा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणलीत तर विचार करू. कागद पाहिजे."

कागद! दापोलीत ज्या बाईचा कागद घेतला नाही तिच्याकडे रत्नागिरीत कागद मागितला. रझियानं पदर खोचला, शिफाचा हात धरला आणि दोघी बाहेर पडल्या. गोदा पिशव्या सांभाळत बसून राहिली.

आता मी दोन ठिकाणी होतो. शिफाच्या फोनवर, रिक्षात, एसटी स्टँडकडे जाताना. आणि सभागृहातल्या लॅपटॉपवर, सादरीकरणाच्या मागच्या पानावर, गुरुप्रसादनं उघडून ठेवलेला. त्या दिवशी दुपारी माझी मुदत संपत होती. गुरुप्रसादच्या ते ध्यानात होतं असं मला वाटतं, कारण तो सारखा घड्याळाकडे बघत होता. पण त्याला सकाळपासून माईक, पडदा आणि पाहुण्यांचा चहा या कामांना जुंपलं होतं.

स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरणाऱ्या मुलांची रांग होती. दुकानदार बाबू दोन्ही हातांनी काम करत होता.

"व्हॉट्सॲप करा," तो म्हणाला.

"व्हॉट्सॲप नाही हो, साइट उघडून आम्ही भरलेल्या हरकती छापायच्या आहेत."

"मग थांबा वायच. रांग हाय."

"भाऊ, जेवणाच्या आधी नेऊन द्यायचाय," रझिया म्हणाली.

"मावशी, आज जेवणाच्या आधी कुणाला काय मिळायचं नाय. मलापन नाय."

त्याच वेळी सभागृहात पडद्यावर सिमेंटचा मासा आला. निळा, जबडा उघडा, आत दात काढून हसणारं एक जोडपं. साहेब काठीनं दाखवत होते. आणि मी नियमाप्रमाणे शेवटची सूचना दिली. ती सादरीकरणाच्या वर, माशाच्या थोबाडावर, सगळ्या सभागृहाला दिसेल एवढ्या अक्षरांत उमटली. सानिकाच्या मराठीत: 'ही चाचणीची जागा थोड्याच वेळात पुसली जाईल. आतली माहिती हवी असल्यास आत्ताच उतरवून घ्या. मुदत वाढवायची? होय. नाही.'

इतक्या लोकांपुढे मी कधी बोललो नव्हतो. त्या वेळी तरी माझ्या अंगावर कुणाचा फोटो नव्हता.

गोदा अक्षरं जुळवून वाचते. तिनं मोठ्यानं वाचलं, "पु-स-ली जाईल... बायनू, काय तरी पुसतायत बगा!"

साहेब काठी थांबवून म्हणाले, "ते काय आलंय मध्येच?"

"सर, एक मिनिट," गुरुप्रसाद पुढे झाला. "ते पोर्टलचं आहे, मला जरा..."

"आधी काढा ते. पाहुणे बसलेत."

गुरुप्रसादनं संदेशकडे बघितलं. संदेश पहिल्या रांगेत होता. त्यानं ताटावरची माशी हाकलावी तसा हात हलवला. गुरुप्रसादचं बोट 'होय'पासून दोन इंचांवर होतं. त्यानं कोपऱ्यातली फुली दाबली. मासा पुन्हा स्वच्छ दिसू लागला. साहेब म्हणाले, "तर, या ठिकाणी पर्यटक..."

'होय' नाही, 'नाही'सुद्धा नाही, नुसती फुली. माझ्या नियमात गप्प बसणं म्हणजे नाही.

मग मी पुसला गेलो. त्यात थरार काही नसतो. आधी 'टेस्ट' गेलं, मग गुलाब गेला, मग हर्णे गेलं. ज्या क्रमानं आलं त्या क्रमानं. साहेबांचा फोटोही गेला. माझ्या लेखी तोही कुणीतरी भरलेली माहितीच. पुसला गेलेला बोलतो कसा, असं कुणी विचारील. सभागृहात जी माणसं पुसली गेली नाहीत ती बोलत नाहीत, म्हणून बोलतोय.

बाबूच्या दुकानात शिफाचा नंबर लागला. तिनं पत्ता टाकला. पान उघडलं ते कोरं होतं. वर फोटो नव्हता, आणि तिथं इतके दिवस झाकलेली लाल पट्टी होती. शिफानं ती वाचली. मग रझियासाठी परत मोठ्यानं वाचली.

"हा कवापास्ना लिवलाय?" रझियानं विचारलं.

"पहिल्यापासून असणार, खाला."

"मगे आपल्याला दिसला कसा नाय?"

शिफाला उत्तर कळलं होतं. ती इतकंच म्हणाली, "तिथं साहेबांचा फोटो होता."

बाबूनं ते लाल पट्टीचं पान छापून दिलं. पैसे घ्यायला तो विसरला की त्यानं घेतले नाहीत, कोण जाणे. जेवणाच्या सुट्टीत दोघींनी ते पान साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी घास तोंडात ठेवून ते वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे तुम्हीच चाचणीच्या जागी हरकती भरल्यात. इथं स्पष्ट लिहिलंय, खरी माहिती भरू नका. मग?"

"सर, हा पत्ता तुमच्याच नोटिशीत छापलाय," शिफा म्हणाली.

"सूचना वाचणं ही नागरिकाची जबाबदारी आहे."

शिफानं फोनमधला रझियाच्या हरकतीच्या पोचपावतीचा फोटो दाखवला. साहेबांनी यावेळी फोन हातात घेतला. निरखून बघितलं. "यात हरकत कुठे आहे? यात तर 'धन्यवाद' लिहिलंय."

आणि ताटात दही वाढायला आलेल्या माणसाला म्हणाले, "थोडं इकडे."

 रझियानं ते छापलेलं पान साहेबांच्या ताटाशेजारून उचललं, घडी घातली आणि चोळीत ठेवलं. गोदा मात्र जाता जाता म्हणाली, "साहेब, तुमी त्या माशाच्या तोंडात उभे राहा. शोभाल." साहेबांना ते कळायला वेळ लागला, तोवर ती दाराबाहेर होती.

दुसऱ्या दिवशी खात्यानं पत्रक काढलं. त्यात 'तांत्रिक अडचण' होती. संदेशनं विचारणाऱ्यांना सांगितलं, "फुकटच्या वस्तूचा काय भरवसा!" हे ऐकून माझे पंखे तापले. मी काय केलं? पहिल्या दिवशी सांगितलं की पुसणार आहे. शेवटच्या दिवशी भर सभेत पुन्हा सांगितलं. जी वेळ सांगितली त्या वेळी पुसलं. त्या सभागृहात दिलेला शब्द पाळणारा मी एकटाच होतो, आणि बेभरवशाचा मीच ठरलो. खात्यानं चौकशी केली, तिच्यात एकच नाव आलं: गुरुप्रसाद. त्याची मला कीव येत नाही. त्याला कळत होतं आणि त्याच्या बोटाखाली 'होय' होतं. पण साहेबांनी 'काढा' म्हटलं, संदेशनं हात हलवला, आणि चौकशीला या दोघांचं तोंड दिसलं नाही, हे चौकशीच्या नजरेचं कौतुक.

शिफानं मला बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. त्यांनी माफी मागितली आणि लिहिलं की पुसलेलं परत आणता येत नाही. कुणाची खासगी माहिती मागे राहू नये म्हणून ते मुद्दामच तसं केलेलं आहे. ज्यांचा काही दोष नव्हता त्यांनी माफी मागितली. ही रीत आपल्याकडे रुजायला वेळ लागेल.

हर्णेच्या काठ्या उपटल्या गेल्या. फरशी बसली. मासा उभा आहे, निळा, आणि त्याला वास येत नाही म्हणून साहेब लोकांना आवडतो. रझिया आता घराच्या पत्र्यावर बोंबील टाकते. पत्रा तापतो, मासळी बाहेरून कडक आणि आतून ओली राहते, तिला बुरशी येते. कावळ्यांना हाकलायला एक माणूस बसवावं लागतं. शेजारी वासाची तक्रार करतात. गोदा यंदा अर्धी टोपली घेऊन परत गेली. वर चढताना ती त्या माशाकडे बघून थुंकली, असं म्हणतात. मी तिथं नव्हतो, पण विश्वास ठेवतो.

माझं म्हणाल तर मी पुन्हा कोरा आहे. सध्या एक आंबेवाला पेट्यांचा हिशेब माझ्यात घालून बघतोय. त्यानं पट्टी वाचली आणि सगळी खोटी नावं घातली आहेत. परवा मात्र दुसऱ्या एका कार्यालयातून कुणीतरी डोकावलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "यात साहेबांचा फोटो कुठे टाकायचा?" तुम्ही जे कुणी असाल, मला उघडाल तेव्हा एवढं करा: माझ्या माथ्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि कुणाचा चेहरा आड येत असेल तर तो बाजूला करा. मी खेळायची जागा आहे. माझ्यात खेळा. माझ्यात कुणाची जमीन ठेवू नका.

शिफानं माहितीच्या अधिकारात एकच गोष्ट विचारली: हरकती कुणी तपासल्या आणि केव्हा? उत्तर आलं: 'सदर माहिती पोर्टलवर होती. पोर्टल सध्या उपलब्ध नाही.'

मग मी सांगतो. हरकत भरणाऱ्याला आपली तेवढी दिसते; माझ्यात भरलेल्या सगळ्या हरकती वाचायला एक किल्ली, म्हणजे पासवर्ड, लागते. ती खात्याच्या नावानं दिलेली होती, एकच. ती उद्घाटनाच्या दिवशी फिरली, हार घातलेल्या लॅपटॉपवर. त्यानंतर शेवटपर्यंत ती एकदाही फिरली नाही. आत कुणीच पाहिलं नव्हतं. तरी 'एकही हरकत प्राप्त झालेली नाही' असं लिहिलेला, शिक्का मारलेला कागद त्या सोमवारी साहेबांच्या हातात होता. तो कुणी तयार केला, हे खात्यानं अजून सांगितलेलं नाही.